जुने चांदीचे रुपये विकायला आणताना: कृपया आधी आटवू नका

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत आमच्या झवेरी बाजारातल्या पेढीवर कोणी ना कोणी चांदीची लगड घेऊन येतं. "आजीचे राणीछाप रुपये होते, वीस नग. घराजवळच्या कारागिराकडून आटवून घेतले. चांदी शुद्धच आहे, भाव सांगा." आम्ही टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध चांदी किती ते, काढतो आणि तो सत्तर-एकाहत्तर निघतो. मग गिऱ्हाईक दुखावतं, आमच्या काट्यावर नाहीतर मशीनवर शंका घेतं आणि तासभर समजावण्यात जातो. दोष कोणाचाच नसतो. फक्त नाणी भट्टीत जायच्या आधी कोणी सन पाहिलेला नसतो. त्यासाठी हे पत्रक छापलं आहे.

मुळात राणीछाप रुपया कधीच शुद्ध चांदीचा नव्हता. कंपनी सरकारने 1835 साली कायदा करून सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला: वजन 180 ग्रेन, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस. आजच्या मापात वजन 11.66 ग्रॅम, शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम, म्हणजे टंच 91.6. हे हिणकस, मुख्यतः तांबं, फसवायला घातलेलं नव्हतं. निव्वळ चांदी मऊ असते, हातोहात फिरताना झिजून जाते. तांब्याने ती कणखर होते आणि नाणं खणखणीत वाजतं.

इथेच तोळ्याचा घोळ होतो. जुना तोळा म्हणजे रुपयाभार, 11.66 ग्रॅम. आज बाजारात तोळा म्हणतात तो 10 ग्रॅमचा. दहा रुपये म्हणजे जुने दहा तोळे. आमच्या काट्यावर ते 116 ग्रॅमच्या आसपास भरतात आणि त्यात शुद्ध चांदी सुमारे 107 ग्रॅम असते, झीज असेल तर त्याहून कमी.

या रुपयाआधी काय परिस्थिती होती ते "बट्टा लागणे" या शब्दांतच आहे. प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा. जुन्या सनाचा, झिजलेला किंवा परमुलखातला असला की सराफ त्यावर बट्टा, म्हणजे तूट, कापून घेत. सरकारी खजिन्यात येणारं नाणं पोतदार पारखून घेई. आज ते आडनाव होऊन राहिलं आहे. यंत्रावर पाडलेला, सगळीकडे एकाच वजनाचा रुपया आला तेव्हा लोकांनी त्याला कलदार म्हटलं, कारण कल म्हणजे यंत्र.

आपल्या फोर्टमधली टांकसाळीची इमारत 1824 ते 1829 या काळात बांधली गेली. तिथे आमच्यासारखे व्यापारी स्वतःची चांदी नेऊन देत आणि थोडी कसर कापून रुपये घेऊन येत. ही मुभा 1893 साली बंद झाली. आलेल्या चांदीचा कस आधी काढायचा, हिशेबाने तांबं मिसळायचं, रस ओतल्यावर पुन्हा नमुना तपासायचा, पत्रा करून चकत्या पाडायच्या, त्या तोलायच्या आणि मगच ठसा मारायचा. कडेच्या बारीक रेघाही शोभेच्या नाहीत. कोणी कड कातरून चांदी काढली तर लगेच दिसावं म्हणून त्या आहेत. 1906 च्या कायद्यानुसार वजनात दोन टक्क्यांहून जास्त घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे.

ब्रिटनच्या शाही टांकसाळीत तर तेराव्या शतकापासून चालत आलेली रीत आहे: पाडलेल्या नाण्यांतली काही पेटीत बाजूला ठेवायची आणि सोनारांच्या पंचमंडळासमोर प्रमाणित धातूशी ताडून बघायची. एवढी सगळी राखण त्या छापामागे उभी आहे. नाणं आटवलं की ती हमी पुसली जाते आणि हातात उरतो एक अनोळखी गोळा.

आता मुख्य मुद्दा. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली: 50 टक्के चांदी, 40 तांबं, 5 निकेल, 5 जस्त. महायुद्धाच्या काळात चांदी पुरत नव्हती. वजन मात्र तेच 11.66 ग्रॅम, आकारही जवळपास तोच, आणि घरच्या डब्यात दोन्ही रुपये गळ्यात गळा घालून पडलेले असतात. 1947 सनाचा, वाघाचं चित्र असलेला रुपया तर निकेलचा, त्यात चांदीच नाही. 1940 च्या आधीचे दहा आणि निम्म्या चांदीचे दहा एकत्र आटवले तर 233 ग्रॅमच्या लगडीत चांदी साधारण 165 ग्रॅम. टंच सत्तर-एकाहत्तर येतो तो असा.

वेगवेगळे आणले असते तरी चांदी तेवढीच भरली असती, हे खरं. पण लगडीचा टंच नव्याने काढावा लागतो, आटवणीची मजुरी आणि घट तुमच्या अंगावर पडते, आणि काही नाण्यांना चांदीहून जास्त किंमत असते ती कायमची जाते. 1939 सनाचा रुपया फार क्वचित मिळतो. 1911 च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. 1862 सनाचा छाप 1874 पर्यंत चालू होता आणि वर्ष ओळखायला त्यावर बारीक ठिपके देत. संग्राहक ते भिंगाने मोजतात. म्हणून चिंच किंवा पावडर लावून नाणी घासूही नका. काळपटपणा आमच्या हिशेबात कधीच वजा होत नाही.

सोन्याच्या गिनीलाही हेच लागू. ती 7.99 ग्रॅमची, 22 कॅरेटची, म्हणजे आज दागिन्यावर दिसणाऱ्या 916 चंच प्रमाण. 1918 साली अशा सुमारे 13 लाख गिन्या मुंबईतच पाडल्या गेल्या. त्यांच्यावर घोड्याच्या बाजूला खाली आय हे इंग्रजी अक्षर असतं.

"एवढा वेळ का लावता?" असंही विचारतात. आम्ही प्रत्येक नाणं तुमच्यासमोर सुटं तोलतो, वाजवून बघतो, सन वाचतो आणि मग मशीनवर ठेवतो. मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलामा दिलेलं नकली नाणं त्याला चकवू शकतं, म्हणून निव्वळ मशीनच्या आकड्यावर आम्ही भाव लावत नाही. शंका आली तर तुम्हाला विचारून नाण्याची कड कसोटीच्या दगडावर घासून कस घेतो. वीस नाण्यांना अर्धा तास धरा.

येताना 1939 पर्यंतची एका पिशवीत आणि 1940 पासूनची दुसऱ्या पिशवीत ठेवा. सन वाचता येत नसेल तर तशीच आणा, आम्ही निवडून देऊ. कडी लावलेली, माळेत ओवलेली नाणीही तशीच आणा, कडीचा डाक (जोड) आम्ही सोडवतो. नाणी तपासायचे पैसे घेत नाही, आणि विकायचंच असं बंधन नाही. ठेवायची असतील तर काउंटरवर नाण्यांची पाकिटं मिळतात. शनिवारी दुपारी गर्दी असते, इतर दिवशी सकाळी आलात तर निवांत बोलता येईल.