जप्त खुळखुळा आणि घातक खुळखुळा

नातीला पाचवा महिना लागला म्हणून खुळखुळा घ्यायला बोहरी आळीत गेलो होतो. दुकानदाराने दोन काढून दिले. एक खोक्यातला, वर आयएसआयचा शिक्का. दुसरा नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत, किंमत निम्मी. पिशवीकडे बघत मी म्हटलं, "परवाच पेपरात आलं होतं ना, चिनी खेळण्यांत विष म्हणून?"

"काका, पेपरवाल्यांचं काय घेऊन बसलात! दर दिवाळीच्या आधी हेच छापतात. बारा वर्षं विकतोय, एक पोर आजारी पडल्याचं ऐकलं नाही."

हे मला जरा लागलं. आयुष्यातली एकवीस वर्षं मी पेपरच्या डेस्कवर काढली आहेत आणि असले मथळे स्वतःच्या हाताने दिले आहेत. घरी येऊन रद्दीतून ती बातमी काढली. आत विष कुठेच नव्हतं. छापा होता, जप्ती होती, नगांची संख्या होती, अधिकाऱ्यांची नावं होती. 'घातक' हा शब्द फक्त मथळ्यात.

म्हणजे दुकानदार पेपरला खोटं म्हणत होता आणि मी दुकानदाराला. भांडणाचं मूळ मात्र असं की जप्त माल आणि घातक माल या दोन वेगळ्या गोष्टी आम्ही दोघांनीही एकच धरल्या होत्या.

जप्तीची बातमी बहुतेक वेळा शिक्क्याची असते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांचं खेळणं भारतात विकायचं, तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं, आयएसआय चिन्ह लागतं. माल देशी असो की परदेशी. चिन्ह नसेल तर अधिकारी माल उचलतात. त्यासाठी खेळणं पिशवीतून बाहेर काढण्याचीही गरज नसते. जानेवारी २०२३ मध्ये बीआयएसने महिनाभरातल्या ४४ छाप्यांत १८,६०० खेळणी जप्त केल्याचं जाहीर केलं, त्याचंही कारण हेच होतं. कुठल्या खेळण्यात शिसं किती, हा त्या कारवाईचा विषयच नव्हता. शिवाय चिन्ह नाही म्हणजे बेकायदा, हेही सरसकट खरं नाही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. सावंतवाडीच्या अशा कारागिराने केलेला लाकडी आंबा चिन्हाशिवाय विकला, तरी तो कायद्यात बसतो.

घातक ठरवायला मात्र प्रयोगशाळा लागते. खेळण्यांसाठीचं मानक आहे आयएस ९८७३. त्यातल्या चाचण्या वाचायला मला फार आवडतात, कारण त्या लिहिणाऱ्याने पोरं जवळून पाहिलेली आहेत. एक नळकांडं असतं, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, तळ तिरपा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटणारा तुकडा त्यात न दाबता पूर्ण मावला की खेळणं नापास, कारण तेवढा तुकडा घशात अडकू शकतो. खुळखुळ्यातले मणी आठवा. रंगाची चाचणी आणखी बारकाईची. रंग खरवडून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात, ३७ अंशांवर तासभर हलवतात आणि तासभर तसाच ठेवतात. ही पोटाची नक्कल. पोराने रंग चाटून गिळला तर जठरात काय होईल, ते काचेच्या भांड्यात करून बघायचं. त्या द्रवात शिसं किती उतरलं ते मग मोजतात. एक किलो रंगामागे ९० मिलिग्रॅमच्या वर गेलं की नापास.

यातलं काहीच दुकानात उभं राहून दिसत नाही. दुकानदाराची बारा वर्षं इथे उपयोगाची नाहीत, ती यामुळेच. शिसं पोटात गेलेलं पोर त्या संध्याकाळी ओकत नाही. शिसं साठत जातं आणि परिणाम पुढे बुद्धीवर, वागण्यावर दिसतो. 'शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही' असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. मोठेपणी गणितात मागे पडलेल्या मुलाला घेऊन कोण बोहरी आळीत तक्रार करायला येणार आहे?

आता डेस्कवरची बाजू. प्रेस नोट संध्याकाळी सातला यायची, पान नऊला सोडायचं असायचं. त्यात लिहिलेलं असायचं की अमुक ठिकाणी मानक चिन्हाविना विक्रीस ठेवलेली खेळणी जप्त. 'मानक चिन्हाविना' दोन कॉलमांत बसत नाही, आणि बसलं तरी कोणी वाचत नाही. 'चिनी' झकास बसतं. 'घातक' तर त्याहून झकास. एकदा मी अशाच जप्तीला 'विषारी' लावलं. दुसऱ्या दिवशी ज्याचा माल उचलला होता त्या दुकानदाराचा फोन. आवाज अजिबात चढवला नाही त्याने, एवढंच म्हणाला, "साहेब, रिपोर्ट दाखवा." रिपोर्ट नव्हताच. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, छोट्या जाहिरातींच्या वर, चार ओळींचा खुलासा गेला. तो मी सोडून कोणी वाचला असेल असं वाटत नाही. त्या दुकानदाराने मात्र पुढे कधी पेपरावर विश्वास ठेवला नसेल, आणि त्याच्या गिऱ्हाइकांनीही.

याचा तोटा खऱ्या बातमीला होतो. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे १२१ नमुने बाजारातून विकत घेऊन तपासले. ६६.९० टक्के नापास झाले. ही जप्ती नव्हती, ही खरोखरची तपासणी होती. तिलाही मर्यादा होत्या: नमुने दिल्ली आणि आसपासचे, आणि नापास होण्याची कारणं निरनिराळी. एखादं खेळणं टोकदार कडेमुळे गेलं असेल, एखादं रसायनामुळे. 'भारतातली दोन तृतीयांश चिनी खेळणी विषारी' असा अर्थ त्यातून निघत नाही. पण निम्मा अर्थ काढला तरी झोप उडायला पुरेसा आहे. आणि नेमकी हीच बातमी वाचताना कट्ट्यावरचे लोक म्हणतात, "हं, आलं पुन्हा दिवाळीचं."

'चिनी' या शब्दाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण निम्मा गोंधळ त्याचाच आहे. संक्रांत जवळ आली की पुण्यात 'चिनी मांजा' पकडल्याच्या बातम्या सुरू होतात. हा नायलॉनचा मांजा बराचसा आपल्याच देशात बनतो. चिनी हे त्याचं टोपणनाव. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. म्हणजे हा माल बेकायदाही आहे आणि घातकही, उड्डाणपुलावर दुचाकीस्वाराचा गळा चिरण्याइतका. चूक फक्त विशेषणात. पण माझ्या एका मित्राला मांजा देशी असल्याचं कळलं, तेव्हापासून तो ती सगळी बातमीच बनावट मानतो. विशेषण खोटं निघालं म्हणून दोर बोथट होत नाही, हे त्याला अजून पटवता आलेलं नाही.

याचा मोठा भाऊ म्हणजे मॅटेल या अमेरिकन खेळणी कंपनीचं २००७ चं प्रकरण. 'चिनी खेळण्यांत शिसं' असं जगभर गाजलं. शिसं होतं, ते खरंच. पण १४ ऑगस्टला कंपनीने जो माल परत मागवला, त्यात शिशाच्या रंगाच्या गाड्या होत्या ४ लाख ३६ हजार, आणि सुटून पोटात जाऊ शकणाऱ्या लोहचुंबकांची खेळणी जवळपास १ कोटी ८२ लाख. चुंबकांचा दोष आराखड्याचा होता आणि आराखडा अमेरिकन कंपनीचा. सप्टेंबरात कंपनीच्या अधिकाऱ्याने बीजिंगला जाऊन तशी कबुली देत माफी मागितली. लोकांच्या लक्षात राहिलं ते 'चिनी' आणि 'शिसं'. आपल्याकडे जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली आणि मार्चमध्ये प्रमाणपत्राच्या अटीवर सैल झाली, तेव्हाही चुंबकांचं नाव फारसं कोणी काढलं नाही.

त्यामुळे अशी बातमी आली की मी आता मथळा सोडून क्रियापद शोधतो. 'जप्त केली', 'उचलली', 'गुन्हा दाखल' असेल तर ती शिक्क्याची बातमी. 'नमुने घेतले' असेल तर अजून कशाचीच नाही, निकाल यायचाय. 'आढळलं' असेल तर पुढे प्रमाण आणि मर्यादा असे दोन आकडे लागतात. एकच आकडा दिला असेल तर समजावं की उपसंपादक घाईत होता.

परवा पुन्हा त्याच दुकानात गेलो, शिक्क्यावाला खुळखुळा घ्यायला. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल असं लिहून परवान्याचा क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घातला की परवाना कोणाचा ते कळतं. तिथेच काउंटरवर घालून बघितला. क्रमांक खरा निघाला, परवाना चालू होता, फक्त कंपनीचं नाव खोक्यावरच्या नावाशी जुळत नव्हतं. दुकानदाराने चष्मा वर करून मोबाइल दोनदा वाचला. "हा तर महागातला माल आहे काका," म्हणाला. मग खोका उचलून फळीवर परत न ठेवता काउंटरखाली सरकवला, आणि मला लाकडी दाखवू का म्हणून विचारलं.