ब्लॅकजॅकमध्ये डीलर का जिंकतो

मेंढीकोट आणि रमी येणाऱ्या माणसाला ब्लॅकजॅकचे नियम समजायला फार वेळ लागत नाही. मात्र त्यांतला नेमका कोणता नियम खेळाडूच्या खिशाला कात्री लावतो, हे वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. महाराष्ट्रात पैसे लावून जुगार खेळण्यास 1887 च्या कायद्याने बंदी आहे आणि कॅसिनोंसाठी केलेला 1976 चा कायदाही 2023 मध्ये रद्द झाला, त्यामुळे सोलापूरकराला हा खेळ प्रत्यक्ष दिसतो तो बहुधा गोव्याच्या सहलीतच. या लेखात आपण पैशांऐवजी शेंगदाणे लावू. सोलापुरात त्यांना तोटा नाही.

खेळाडूने आपल्या पत्त्यांची बेरीज 21 च्या जास्तीत जास्त जवळ न्यायची, पण 21 ओलांडायचे नाहीत, एवढेच या खेळाचे सार आहे. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांची किंमत त्यांच्यावरच्या आकड्याइतकी, गुलाम, राणी आणि राजा यांची प्रत्येकी 10, तर एक्क्याची सोयीप्रमाणे 1 किंवा 11 धरली जाते. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा भेद इथे निरुपयोगी आहे आणि हुकूम नावाची गोष्टच नाही. टेबलाभोवती पाच जण बसले असले, तरी प्रत्येकाचा सामना फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याशी असतो. खेळाडूला दोन पत्ते मिळतात, डीलरही दोन घेतो, परंतु त्यांपैकी एकच उघडा ठेवतो. त्यानंतर खेळाडू आणखी पत्ता मागू शकतो, म्हणजे ‘हिट’ करतो, किंवा आहे त्यावर थांबतो, म्हणजे ‘स्टँड’ करतो. लावलेली रक्कम दुप्पट करून एकच पत्ता घेण्याची आणि सारख्या किमतीचे दोन पत्ते आल्यास त्यांचे दोन स्वतंत्र हात करण्याची मुभाही त्याला असते. डीलरला असले कोणतेही स्वातंत्र्य नाही: 16 किंवा कमी असेल तर पत्ता घ्यायचा आणि 17 झाले की थांबायचे.

हे वाचून पारडे खेळाडूकडे झुकते आहे असे वाटेल, कारण त्याला डोके चालवता येते आणि डीलर यंत्रासारखा बांधलेला असतो. खरी मेख क्रमात आहे. खेळाडूला आधी खेळावे लागते, आणि त्याची बेरीज 21 च्या पुढे गेली की त्याचे शेंगदाणे तिथल्या तिथे उचलले जातात. नंतर डीलरचीही बेरीज 21 ओलांडून गेली, तरी ते परत मिळत नाहीत. डीलर साधारण 28 टक्के डावांत 21 ओलांडतो. खेळाडूनेही डीलरसारखेच 17 पर्यंत पत्ते घेत राहायचे ठरवले, तर 0.28 गुणिले 0.28, म्हणजे शंभरातल्या जवळपास आठ डावांत दोघेही फुटतील, म्हणजे 21 ओलांडतील, आणि त्या आठही डावांत डीलरच जिंकेल. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला, म्हणजे ‘ब्लॅकजॅक’ झाला, तर खेळाडूला दीडपट बक्षीस मिळते आणि त्यातून थोडी भरपाई होते; तरीही सुमारे साडेपाच टक्के तोटा उरतोच.

हा तोटा कमी करण्याचा मार्ग डीलरच्या उघड्या पत्त्यात दडलेला आहे. तुमची बेरीज 16 आहे असे समजा. पुढचा पत्ता छक्की किंवा त्याहून मोठा आला तर तुम्ही फुटाल, आणि असे प्रकार तेरांपैकी आठ आहेत, म्हणजे धोका सुमारे 62 टक्क्यांचा झाला. डीलरची छक्की उघडी असेल तर हा धोका पत्करणे वेडेपणाचे आहे, कारण तशा स्थितीत तो स्वतःच सुमारे 42 टक्के वेळा फुटतो. तुम्ही निमूट थांबावे. त्याच्यासमोर दश्शी असेल, तर मात्र 16 वर पत्ता मागणे आणि थांबणे या दोन्हींत सरासरी तोटा सारखाच, दर शंभर शेंगदाण्यांमागे सुमारे 54, आणि मागणे अगदी केसभर बरे. याच प्रसंगी लोक सर्वांत जास्त वाद घालतात, जिथे वादाने फारसा फरक पडत नाही.

अशा प्रत्येक स्थितीचे गणित बाल्डविन, कँटी, मेझल आणि मॅकडरमॉट या अमेरिकी लष्करातील चौघांनी टेबलावरच्या गणनयंत्रांवर मांडले आणि 1956 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातील गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम 704 संगणकाला हेच काम दिले. त्या काळचे संगणक छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून माहिती वाचत, आणि कोणता धागा उचलायचा हे छिद्रांच्या कार्डांवरून ओळखणारा जॅकार्ड माग या कल्पनेचा पूर्वज होता. सोलापुरी चादरीवरची नक्षी त्याच मागाची देणगी आहे.

थॉर्प यांनी 1961 मध्ये दाखवून दिले की वाटलेले पत्ते जोडात परत जात नसल्यामुळे प्रत्येक डावाची शक्यता आधीच्या डावांवर अवलंबून राहते. नाणेफेकीत असे काही घडत नाही. मेंढीकोटात मुरलेला खेळाडू किती मेंढ्या निघून गेल्या याचा हिशेब मनात ठेवतो, तसाच इथेही ठेवता येतो. पंज्या आणि छक्क्या संपून दश्श्या व एक्के उरले असतील तर खेळाडूचा फायदा असतो, कारण ब्लॅकजॅकचे दीडपट बक्षीस फक्त त्यालाच मिळते आणि 16 वरही पत्ता घ्यावाच लागणारा डीलर मोठ्या पत्त्यांमुळे जास्त वेळा फुटतो. कॅसिनोंनी यावर सहा-आठ जोड एकत्र पिसण्याचा तोडगा काढला.

दुसरा तोडगा अधिक गुपचूप आहे. एका जोडात पहिल्या दोन पत्त्यांत ब्लॅकजॅक येण्याची शक्यता 4.83 टक्के, म्हणजे साधारण एकवीस डावांत एकदा. अनेक टेबलांवर त्याचे बक्षीस 3:2 ऐवजी 6:5 केलेले असते, म्हणजे शंभर शेंगदाण्यांवर 150 च्या जागी 120. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कपातीने दर शंभरामागे जवळपास 1.4 शेंगदाण्यांचा तोटा वाढतो, आणि चांगल्या नियमांच्या टेबलावर अचूक खेळणाऱ्याचा एकूण तोटा मुळात अर्ध्या शेंगदाण्याच्या आसपासच असतो.