माघारीची वेळ

माघारीची वेळ : अतिउंच पर्वतावरील चढाईत, शिखर कितीही जवळ आलेले असले तरी जिच्यापुढे वर न जाता उतरायला लागायचे, अशी आधीच ठरवलेली वेळ. टर्नअराउंड टाइम हे तिचे रूढ नाव. मार्गदर्शकासह निघालेल्या मोहिमेत ती ठरवणे आणि पाळायला लावणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी असते. त्याच्या कामातला सर्वांत अवघड भाग हाच म्हणावा लागेल.

या वेळेचा हिशेब उतरणीपासून मांडला जातो. एव्हरेस्टच्या (८,८४९ मी.) नेपाळकडील वाटेवर सुमारे ७,९०० मीटरवरच्या साउथ कोल या खिंडीतील छावणीतून पथके रात्रीच निघतात, म्हणजे माथा गाठून दिवसाउजेडी छावणीत परतता येते. ८,००० मीटरच्या वरचे बहुतेक मृत्यू उतरताना झालेले आहेत. पाय थकलेले असतात, दुपारनंतर हवा बिघडण्याची भीती असते आणि प्राणवायू संपत आलेला असतो. हजार लिटर प्राणवायूचे सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साधारण सव्वाआठ तास चालते, चार लिटरने त्याच्या निम्मेच. दोरावर पुढे रांग असेल तर उभ्याउभ्याही सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा खाली येत राहतो. म्हणून जाणता मार्गदर्शक घड्याळाइतकाच त्या काट्याकडे पाहतो.

वेळ खालीच का ठरवायची, याचे उत्तर विरळ हवेत आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. ८,००० मीटरच्या वरच्या पट्ट्याला मृत्युक्षेत्र म्हणतात. तिथे शरीर रुळत नाही, खचतच जाते. विचारही मंदावतो. ‘अजून अर्धाच तास’ हे तिथे अगदी पटण्यासारखे वाटते, आणि ज्याला ते पटते त्याला आपले काही चुकते आहे याची जाणीवच नसते. तळछावणीत, पोटभर जेवून, शांत डोक्याने घेतलेला निर्णय वर नुसता अमलात आणायचा असतो.

पैसे भरून, वर्षानुवर्षे सराव करून आलेल्या माणसाला शंभर मीटरवरून परत फिरवणे सोपे नाही. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर हेच दिसले. रॉब हॉल हे नावाजलेले, सावध मार्गदर्शक. आदल्या वर्षी त्यांनी आपल्या मोहिमेतले गिर्यारोहक डग हॅन्सन यांना शिखराजवळून परत आणले होते. या वेळी दुपारी उशिरात उशिरा दोनची मर्यादा बोलली गेली होती, तरी हॅन्सन माथ्यावर पोहोचले तेव्हा चार वाजून गेले होते. मग वादळ आले. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात पर्वताच्या दोन्ही बाजू मिळून आठ जण गेले. हॉल यांना बेपर्वा म्हणणे अन्यायाचे होईल. आदल्या वर्षीचा नकार पुन्हा देणे त्यांना किती जड गेले असेल!

त्याच महिन्याच्या सुरुवातीला स्वीडनहून सायकलने आलेले योरान क्रोप, कृत्रिम प्राणवायूविना एकट्याने चढत, माथ्याच्या सुमारे शंभर मीटर खालून उशीर झाला म्हणून मागे फिरले होते. २३ मे रोजी त्यांनी शिखर गाठले.

घड्याळाआधीच माघार घ्यावी लागते ती आजारामुळे. संशय आला की मार्गदर्शक सपाट जागी टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालायला सांगतो. झोक गेला तर मेंदूला सूज येत असल्याचे धरतात आणि तिथून खालीच उतरवतात. डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या औषधाने थोडी सवड मिळते, पण खरा इलाज उतरणे हाच. विरळ हवा मार्गदर्शकाच्याही डोक्यावर परिणाम करते. त्यामुळे अनेक मोहिमांत तळछावणीत वायरलेसवर बसलेल्या प्रमुखाला पथक परत बोलावण्याचा अधिकार असतो आणि त्याचा शब्द वरच्या सर्वांवर, मार्गदर्शकावरही, बंधनकारक असतो.