मोहन, साटा आणि भाजीचा पाय

मराठीत ‘पाय’ (इंग्रजी ‘pie’, पिठाच्या कवचात सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) असं लिहिलं की वाचणारा आधी खाली बघतो. त्यामुळेच की काय, हा पदार्थ पुण्यात त्या नावाने रुजला नाही. रुजला तो पॅटिस म्हणून. ‘पॅटी’ हा इंग्रजी शब्द फ्रेंच ‘पाते’वरून आलेला, अर्थ छोटा पाय असाच. संतोष किंवा हिंदुस्तान बेकरीतून सकाळी गरम पॅटिस आणणारा पुणेकर पायच घरी नेत असतो. १८१७च्या खडकीच्या लढाईनंतर इथे इंग्रजांची छावणी वसली आणि त्यांच्या खाण्यापिण्यातलं बरंच काही कॅम्पातून शहरात झिरपलं. १९५५च्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटंही इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव मिरवतात. पायाला मात्र ओव्हन लागतो. तो होता बेकरीत, घरात नव्हता. बेकरीत भाजून कागदात बांधून नेता येणारा पॅटिस टिकला आणि जेवणात वाढायचा मोठा पाय मागे पडला, त्याचं कारण बहुधा एवढंच. आता ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, अनेक घरांत आहे, तेव्हा रात्रीच्या जेवणाला तो करायला हरकत नाही.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पायाच्या कवचाला ‘कॉफिन’ म्हणत, म्हणजे पेटी. पीठ आणि पाणी घट्ट मळून उभ्या केलेल्या या जाड भिंती खाण्यापेक्षा भांड्याचं काम जास्त करत. वरच्या भोकातून वितळलेलं लोणी ओतून आतली हवा बंद केली की मांस काही दिवस टिके. पुढे पिठात चरबी वाढत गेली आणि भांडं खाण्याजोगं झालं. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणकामगारांची पेस्टी याच कुळातली. तिची कड पाहिली तर ती थेट आपली मुरड घातलेली करंजी वाटते, फक्त मोठी आणि भाजलेली.

चरबी पिठात नेमकं काय करते, हे मराठी स्वयंपाकघराला वेगळं सांगायला नको. कडकडीत मोहन घातलं की पिठाच्या कणांवर तुपाचा लेप बसतो, पाणी आत कमी शिरतं, चिकटपणा कमी तयार होतो आणि करंजी खुसखुशीत होते. साट्याच्या करंजीत आणि चिरोट्यात तूप थरांच्या मधे राहतं, म्हणून पापुद्रे सुटतात. पायाच्या साध्या कवचात गार लोण्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहू द्यायचे असतात. ओव्हनमध्ये ते वितळतात, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ थराथराने उचललं जातं. प्रमाण मात्र करंजीपेक्षा फार वेगळं: मैद्याच्या वजनाच्या निम्मं लोणी. एवढं मोहन करंजीत घातलं तर ती तुपात अनारशासारखी हसेल.

शाकाहारी घराला जवळचा पूर्वज म्हणजे १९४१चा वुल्टन पाय. युद्धामुळे ब्रिटनमध्ये मांस आणि लोणी रेशनवर होतं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या फ्रान्सिस लात्री या शेफने हा पाय तयार केला आणि त्याला अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांचं नाव मिळालं. बटाटा, फ्लॉवर, गाजर आणि स्वीड नावाचा सलगम प्रत्येकी एक पौंड, थोडा पातीचा कांदा, चमचाभर ओट्स. लोकांना तो फारसा आवडला नाही, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही: पाण्यात उकडलेल्या भाज्या, स्निग्धता जवळजवळ शून्य. भाज्यांची यादी मात्र आपल्या मंडईतली आहे. तिला लोणी, मैदा आणि दुधाच्या व्हाइट सॉसची जोड दिली की प्रश्न मिटतो.

चार माणसांसाठी २० ते २२ सेंटिमीटरचं खोलगट भांडं घ्या. बटाटा २५०, फ्लॉवर २०० आणि गाजर १५० ग्रॅम, सगळं दीड सेंटिमीटरच्या फोडींत. मटार १०० ग्रॅम. भाज्या मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. फ्लॉवर नंतरही पाणी सोडतो, आणि इथे घाई केली की सॉसची आमटी होते. ३० ग्रॅम लोण्यात एक कांदा परता, ३० ग्रॅम मैदा दोन मिनिटं भाजा, ३५० मिली दूध थोडं थोडं घालत ढवळा. पळीच्या पाठीवर लेप बसला की मिरपूड, किसलेलं जायफळ, मीठ आणि भाज्या घाला. गरम मसाला घातला तर समोशाचं सारण होतं. चव वाईट नाही, पण मग समोसेच करावेत. सारण पूर्ण गार होऊ द्या. गरम सारणावर पारी पसरली तर लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं आणि कवच चामट होतं.

तळाला पारी लावू नका. रोजच्या रात्री तिचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि ओल्या सारणाखाली तीच कच्ची राहते. वरच्या झाकणाला १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कणीक आणि फ्रिजमधलं ७५ ग्रॅम लोणी. लोणी खारट असेल तर वेगळं मीठ नको. तूप वापरायचं तर ६० ग्रॅम पुरे, कारण त्यात पाणी नसतं. पण म्हणूनच कवच खुसखुशीत होतं, पापुद्रे सुटत नाहीत. बोटांच्या टोकांनी चोळा, थोडे मटारएवढे खडे राहू द्या, बर्फाचं पाणी दोन-तीन मोठे चमचे घालून फक्त गोळा जमवा. पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर भाजताना झाकण आकसून कडा सोडतं. गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये हवाच. एप्रिल-मेच्या उकाड्यात लाटलेली पारीही ताटलीवर दहा मिनिटं गार करा. सारण भरलेलं काचेचं भांडं मात्र फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, तडकू शकतं.

पारी चार मिलिमीटर जाड लाटा, न ताणता भांड्यावर टाका, कडा दाबा, वरून दूध लावा आणि मधे दोन-तीन चिरा द्या. चिरा नसतील तर वाफ कडेने वाट काढते आणि सॉस ओटीजीच्या तळाशी जळतो. भांडं रुंद असेल तर पारी मधे खचते. इंग्लंडमध्ये त्यासाठी चिनी मातीची छोटी धुरांडी मिळतात, आपल्याकडे सारणात उपडी ठेवलेली स्टीलची लहान वाटी तेच काम करते.

आधी १५ मिनिटं तापवलेल्या ओटीजीत २०० अंशांवर २० मिनिटं, मग १८० वर साधारण १५, मधल्या जाळीवर. छोट्या ओटीजीत वरची कॉइल जवळ असते. रंग लवकर आला तर फॉइल झाका. कन्व्हेक्शन नसलेल्या मायक्रोवेव्हमध्ये हा पदार्थ होत नाही.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबून वाढा, म्हणजे सॉस धरतो. उरलाच तर सकाळी ओटीजीतच १६० अंशांवर पंधरा मिनिटं गरम करा, आणि डब्यात द्यायचा असेल तर निवल्यावरच झाकण लावा, नाहीतर कवच दुपारपर्यंत मऊ पडतं.