हिजाज म्हणजे भैरव नव्हे

उद या अरबी तंतुवाद्यावर हिजाज हा मकाम, म्हणजे अरबी संगीतातली एक स्वररचना, वाजला की आपल्याकडचे कानसेन लगेच म्हणतात, 'अहो, हा तर भैरव!' पुढे मग 'मकाम म्हणजे अरबांचा राग' हेही ठरलेलं. दोन्ही विधानं चुकीची आहेत, आणि दुसरं जास्त नुकसान करतं.

स्वरांचा घोळ आधी मिटवू. भैरवात निषाद शुद्ध. हिजाजमध्ये बहुधा कोमल. म्हणजे स्वर जुळतात ते बसंत मुखारी रागाशी, कर्नाटक संगीतात वकुलाभरणमशी. भैरवाचे स्वर हवे असतील तर हिजाजकार नावाचा वेगळा मकाम आहे. झालं.

खरी गोम पुढे आहे. राग अखंड असतो; त्याचं चलन, वादी-संवादी (मुख्य आणि त्याखालोखालचा स्वर) सप्तकभर पसरलेले. मकाम मात्र तीन ते पाच स्वरांचे तुकडे जोडून बनतो. या तुकड्याला जिन्स म्हणतात. हिजाजचा पहिला जिन्स सा, कोमल रे, ग, म. दुसरा मध्यमापासून सुरू होतो. चढताना तिथे बरेचदा रास्त नावाचा जिन्स लागतो: म, प, कोमल आणि शुद्धच्या मधोमधचा ध, कोमल नी. उतरताना नहावंद हा जिन्स: त्याच जागी कोमल ध. रागाच्या कानाला हे दोन धैवत वाटतात, आणि इथेच फसगत होते. मध्यमाला षड्ज धरून ऐका: रास्तमध्ये सा, रे, मधला गंधार, म; नहावंदमध्ये गंधार कोमल. नुसता एक स्वर बदललेला नाही, जिन्सच बदललाय, आणि काही क्षण आधारस्वरही.

म्हणूनच तकासीममध्ये, म्हणजे तालाविना चालणाऱ्या एकल वादनात, वादक पंचमावर बयाती हा आणखी एक जिन्स उभा करतो, आणखी लांब जातो आणि मूळ षड्जावर परततो. विसाव्याच्या त्या ठाशीव स्वरवाक्याला कफला म्हणतात. दाद तिथे मिळते. आपल्याकडे तिरोभाव, म्हणजे राग क्षणभर झाकणं, घटकाभराचा, त्यापुढे गेलात तर राग बिघडला. तिकडे मुक्काम न हलवणारा वादक कच्चा समजला जातो. एवढं कळलं नाही तर तकासीम 'भरकटलेली आलापी' वाटते, आणि हा शेरा वाचून खरंच त्रास होतो.

स्वरस्थानंही उलट दिशांना जातात. भैरवाचा रिषभ अतिकोमल, आंदोलित. अरबी हिजाजचा कोमल रिषभ किंचित चढा, गंधार किंचित उतरा. मधली फट आवळलेली. पेटीवर हिजाज वाजवून साम्य 'सिद्ध' करणाऱ्यांनी म्हणूनच थांबावं: पेटीत ना तो रिषभ आहे, ना रास्तचा धैवत. बिनपडद्याचं उद किंवा व्हायोलिन ऐका.

आणि आपल्या सप्तकातल्या 22 श्रुती (सूक्ष्म स्वर) व अरबी सप्तकातले 24 पाव-स्वर यांची कोष्टकं जुळवू नका. सप्तकाचे 24 समान भाग 19व्या शतकात संगीत-अभ्यासक मिखाईल मिशाका यांच्या ग्रंथामुळे रुळले. अरबी संगीतावरच्या 1932 च्या कैरो परिषदेतही त्यावर एकमत झालं नाही. मुरलेले वादक आजही त्या खुणांवर बोट ठेवत नाहीत.