खाडीच्या चिखलाचा खर्च कोणी करायचा?

ओहोटी लागली की आमच्याकडच्या बाया तिसऱ्या, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला खाडीत उतरतात. गुडघाभर चिखलात वाकून, हातानं चाचपत एकेक तिसरी टोपलीत टाकायची. वरचा चिखल करडा. हात जरा खोल गेला की काळा लागतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, खाडी अशीच असते. पण वरून येणारी रसायनंही याच चिखलात मुक्काम करतात.

नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण तरंगत येतात. त्यांच्यावर सारखाच विद्युतभार असल्यानं ते एकमेकांना दूर लोटतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की हा भार झाकला जातो, कण चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. अंगाला लागलेले शिशासारखे धातूही सोबत नेतात. शिवाय भरती पाणी पुन्हा आत ढकलते. त्यामुळे ‘सोडलं की समुद्रात गेलं’ हा समज खाडीपुरता तरी खोटा आहे. कोकणातल्या औद्योगिक वसाहतींचंच बघा. लोट्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी दाभोळ खाडीकडे जातं, महाडचं सावित्रीकडे, रोह्याचं कुंडलिकेकडे. चिखल जे आलं ते धरून ठेवतो.

पारा तर त्याहून वाईट. चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात आणि तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो. जपानमधल्या मिनामाता उपसागराकाठची कोळी कुटुंबं मिथाइल पारा साठलेल्या माशांमुळे आजारी पडली. 1956 साली तो आजार उघड झाला. पाऱ्यावरच्या 2013 सालच्या जागतिक कराराला त्याच मिनामाताचं नाव आहे.

अशा करारांची अंमलबजावणी करायला विकसनशील देशांना पैसा लागतो. त्यातला मोठा वाटा ‘ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी’ म्हणजे ‘जेफ’ या निधीतून येतो. 2022 साली देणगीदार देशांनी चार वर्षांसाठी 5.33 अब्ज डॉलर देऊ केले. त्यातले सुमारे 80 कोटी डॉलर रसायनं आणि कचऱ्यासाठी. पण ज्या कामाचा फायदा साऱ्या जगाला होतो, त्याच कामाच्या वाढीव खर्चाला जेफ पैसे देतो. पारा आणि वर्षानुवर्षं नष्ट न होणारी, हवापाण्यातून दूरवर जाणारी विषं या नियमात बसतात. डीडीटीला पर्याय शोधायला भारताला हा निधी मिळाला, आणि डीडीटी बनायचं ते रसायनी आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

कारखान्यातलं आम्लाचं सांडपाणी मात्र खाडीतच राहतं. त्याचा त्रास जगाला नाही, काठच्या भोई-कोळ्यांना. म्हणून त्याला हा निधी नाही. नियम समजण्यासारखा आहे, तरी त्यानं पडलेलं भगदाड फार मोठं आहे.

ते आपण स्वतः बुजवायचं. अनेक कारखान्यांचं पाणी एकत्र साफ करणाऱ्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी 2012 साली केंद्र सरकारनं 50 टक्के, राज्यानं 25 आणि उद्योगांनी 25 असा वाटा ठरला. पण हा पैसा बांधकामाचा. प्रक्रिया केंद्र रोज चालवायचं तर वेगळाच खर्च. टाक्यांतले जिवाणू घाण खातात, त्यांना ब्लोअरनं चोवीस तास हवा द्यावी लागते. ब्लोअर बराच वेळ बंद राहिला किंवा एखाद्यानं भलतंच पाणी सोडलं की ते मरतात, आणि नवी पैदास जमायला आठवडे जातात. वीज, चुना, गाळाची वाहतूक, केमिस्टचा पगार, सगळं सभासद कारखान्यांच्या वर्गणीवर. वर्गणी थकली की पहिला हात विजेवर पडतो.

माल विकून नफा घेणाऱ्यानं हा खर्च उचललाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सरकारी आणि परदेशी मदत मोजमापाकडे वळवावी. तिसरी दिवसभर पाणी गाळून खाते, पाण्यातलं बरंच काही तिच्या मांसात उतरतं. अमेरिकेत 1986 पासून किनाऱ्यावरच्या शिंपल्या तपासून प्रदूषण मोजतात. आपल्याकडे पावसाआधी आणि पावसानंतर प्रत्येक खाडीतून टोपलीभर तिसऱ्या प्रयोगशाळेत द्याव्यात. त्या कुठल्या वळणावर मिळतात आणि कुठे मिळेनाशा झाल्या, हे या बायांना ठाऊक आहे. नमुने गोळा करायचा मेहनताना त्यांनाच मिळावा, आणि आलेले आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावेत.