कॉलेजच्या पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची: पात्रता, कागदपत्रे आणि पुढची पायरी

निकाल रखडलाय, मूळ कागदपत्रं कॉलेज परत देत नाही, माहितीपत्रकात लिहिलेली प्रयोगशाळा प्रत्यक्षात बंदच असते. अशा वेळी बहुतेक मुलं ऑफिसच्या खिडकीवर विचारतात, "नंतर या" ऐकतात आणि परत फिरतात. खिडकीवरच्या बोलण्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही की तक्रार ऑनलाइन नोंदवा. नोंद झाली की तारीख पडते, आणि तारीख पडली की कॉलेजला मुदत लागू होते.

याला आधार आहे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमावलीचा. ही नियमावली एप्रिल 2023 मध्ये आली आणि 2019 ची जुनी नियमावली रद्द झाली. जुन्या पद्धतीत विभाग, संस्था, विद्यापीठ अशा समित्यांच्या पायऱ्या होत्या. आता विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल, म्हणजे समितीच्या निर्णयावरचं अपील ऐकणारे विद्यापीठाचे अधिकारी, असे दोनच टप्पे आहेत. प्रत्येक संस्थेला तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल ठेवणं बंधनकारक आहे. समितीची आणि लोकपालांची माहिती वेबसाइटवर आणि माहितीपत्रकात ठळकपणे द्यावी लागते.

कोण अर्ज करू शकतं? विद्यापीठात किंवा संलग्न कॉलेजात शिकणारा कोणीही. प्रवेशासाठी अर्ज केलेला, पण अजून प्रवेश न मिळालेला विद्यार्थीसुद्धा. हे फार जणांना ठाऊक नसतं. गुणवत्ता यादी डावलून प्रवेश दिले गेले, आरक्षणाचा नियम पाळला नाही, तर बाहेर राहिलेल्या मुलालाही दाद मागता येते. अकरावी-बारावी मात्र यात येत नाही, कारण ही नियमावली उच्च शिक्षणापुरतीच आहे.

कशाबद्दल? ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, कागदपत्रं अडवून ठेवणं, शिष्यवृत्तीला विलंब, वेळापत्रकाबाहेर रखडलेली परीक्षा किंवा निकाल, अपारदर्शक मूल्यांकन, जात, लिंग, धर्म किंवा अपंगत्वावरून भेदभाव, आणि जाहीर केलेल्या सोयी न देणं. यादी मोठी आहे. रॅगिंग असेल तर इथे वेळ घालवू नका, 1800-180-5522 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. लैंगिक छळाची तक्रार कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जाते आणि ती साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते.

कागदपत्रं. जोडायचं ते एवढंच: ओळखपत्र किंवा बोनाफाईड, पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक), फीची पावती, आणि मुद्द्याचा पुरावा. शिष्यवृत्तीचा प्रश्न असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जाची स्थिती दिसणारं पान, निकालाचा असेल तर हॉल तिकीट आणि परीक्षेचं वेळापत्रक, सोयींचा असेल तर माहितीपत्रकाचं ते पान आणि तारखेसह फोटो.

खरं वजन मजकुराला असतं. "आमच्या कॉलेजात ग्रंथालयाची सोय नीट नाही, कृपया लक्ष द्यावे" या वाक्यावर समिती काय निर्णय देणार? त्याऐवजी असं लिहा: "मी बी.कॉम. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. माहितीपत्रकात ग्रंथालय सायंकाळी सहापर्यंत खुले असल्याचे नमूद आहे. या सत्रात ते दुपारी तीनला बंद होते. आमची शेवटची तासिका तीनला संपते, त्यामुळे पुस्तक घेता येत नाही. ग्रंथालय सहापर्यंत खुले ठेवावे, ही विनंती." कोण, काय ठरलं होतं, काय घडतंय, काय हवंय हे सगळं यात आहे. त्रास संपूर्ण वर्गाला असेल तर प्रत्येकाने आपापल्या लॉगिनवरून आपल्या शब्दांत अर्ज भरावा. एकट्या अर्जाला वैयक्तिक अडचण समजून बाजूला सारणं सोपं असतं.

अर्ज दाखल झाला की टोकन क्रमांकाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कॉलेजने आपल्या अभिप्रायासह तक्रार 15 दिवसांच्या आत समितीकडे पाठवायची असते. समिती सुनावणीची तारीख कळवते. त्या दिवशी स्वतः जाता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. स्वतः गेलेलं बरं.

समितीत अध्यक्षांसह प्राध्यापकच असतात. त्यात किमान एक महिला आणि किमान एक सदस्य अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला असावा लागतो. यांच्यासोबत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. अभ्यास, खेळ किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवरून त्याची नेमणूक एका वर्षासाठी होते. माझ्या मते ही जागा फार मोलाची आहे आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. तुमच्या कॉलेजात यंदा ती कोणाकडे आहे, हे प्राचार्यांना लेखी विचारा आणि त्या विद्यार्थ्यापर्यंत आपली बाजू सुनावणीआधी पोहोचवा.

निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करा. संलग्न कॉलेजातल्या मुलांसाठीही तेच लोकपाल असतात. निवृत्त कुलगुरू, अनुभवी निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश या पदावर नेमले जातात. अपील 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न त्यांनी करायचा असतो. "दोन गुण कमी पडले, पेपर पुन्हा तपासा" एवढ्यावर अपील घेतलं जात नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. खोटी तक्रार केली तर तक्रारदारावरही कारवाईची शिफारस होऊ शकते.

कॉलेजच्या वेबसाइटवर पोर्टलच सापडत नसेल तर हाच मजकूर कागदावर लिहून आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. त्यातच पोर्टलची लिंक लेखी मागा. तीही मिळाली नाही तर शिक्क्याची ती प्रत जोडून आयोगाच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवा. नियमावली न पाळणाऱ्या संस्थेचं अनुदान रोखण्याचा अधिकार आयोगाकडे आहे.